भिडूची न दिसणारी तेरा पानं

तुमच्या हातात चौकटीचा राजा आणि राणी आहे. समोर बसलेल्या भिडूने बोलीतून नुकतंच कळवलं आहे, की त्याच्याकडे चौकटीचं फार तर एक पान आहे. आता तुमच्या राजा-राणीची किंमत वाढली की घटली?

ब्रिज नव्याने शिकणारे बहुधा म्हणतात, वाढली. भिडूकडे जे नाही ते नेमकं माझ्याकडे आहे, मग आणखी काय हवं? उत्तर उलटं आहे, आणि ते का उलटं आहे हे कळलं की बोली म्हणजे काय हे बरंचसं कळतं. पण त्याआधी खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

चार खेळाडू, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, प्रत्येकाला 13 पानं. प्रत्येकाने एकेक पान टाकायचं, मोठं पान टाकणाऱ्याचा हात झाला. असे एकूण 13 हात. पण खेळ सुरू होण्याआधी बोली लागते. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम धरून आम्ही सहाच्या वर चार, म्हणजे 10 हात करू, असं वचन. वचन पाळलं तर गुण मिळतात, मोडलं तर दंड. इस्पिक किंवा बदाम हुकूम असताना 10 हातांचं वचन देऊन ते पुरं केलं की त्याला ‘गेम’ म्हणतात आणि त्यावर मोठं बक्षीस असतं. नऊ हातांची बोली लावून 10 केले तर हे बक्षीस मिळत नाही.

आजच्या ब्रिजचा सगळा ताण या शेवटच्या नियमात आहे. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली खालची असली तरी जादा केलेले हात गेमसाठी धरले जात. मग वर चढायचंच कशाला? 1925 मध्ये हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर सोबत्यांना घेऊन नवी गुणपद्धत खेळून पाहिली. जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी मोजायचं, हा त्यातला मुख्य मुद्दा. या एका बदलामुळे पानांचा खेळ अंदाजाचा झाला. किती हात होतील हे तेरा पानं पाहून, खेळण्याआधीच, भिडूची पानं न पाहता ठरवायचं.

न पाहता म्हणजे किती अंधारात? तुम्ही तुमची 13 पानं उचललीत की उरली 39. त्यातून भिडूची 13 पानं 812 कोटींहून अधिक प्रकारे येऊ शकतात. हा अंधार दूर करायला तुमच्याकडे शब्द आहेत फक्त 15: एक ते सात हे आकडे, चार रंगांची नावं, नो ट्रम्प (म्हणजे हुकूमच नाही), पास, डबल आणि रीडबल. शिवाय प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची असावी लागते. आधी किलवर, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर नो ट्रम्प, ही चढण. आणि एकदा चढलेली पायरी उतरता येत नाही. म्हणजे बोलायला जागाही मोजकीच, आणि प्रत्येक वाक्यागणिक ती खर्च होते. माहितीच्या देवाणघेवाणीचं इतकं नेटकं गणित दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं मला वाटत नाही.

तरीही हे 15 शब्द पुरतात. एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 आणि गुलामाला 1 असे गुण धरले तर पूर्ण जोडात 40 गुण होतात. पुष्कळ जोड्यांत ‘एक नो ट्रम्प’ या पहिल्या बोलीचा अर्थ ठरलेला असतो: 15 ते 17 गुण, आणि चारही रंग बऱ्यापैकी सारखे वाटलेले. वाटल्या जाणाऱ्या 100 हातपानांपैकी जेमतेम 5 या वर्णनात बसतात. दोन शब्द उच्चारले आणि वीसातल्या एकोणीस शक्यता गळून पडल्या.

आता त्या राजा-राणीकडे वळू. भिडूची पानं अशी आहेत: इस्पिक एक्का, राणी, 8, 6, 4, बदाम राजा, राणी, 7, 3, चौकट नुसती 5, किलवर एक्का, 6, 2. त्याने ‘एक इस्पिक’ म्हटलं, तुम्ही ‘दोन इस्पिक’ म्हणून साथ दिलीत. आता तो ‘तीन चौकट’ म्हणतो. तुमच्यात ठरलेला अर्थ असा, की इस्पिकच हुकूम राहू दे, चौकटीत माझ्याकडे एक पान किंवा तेही नाही, गेम होईल का ते तू सांग.

समजा तुमच्याकडे इस्पिक राजा, गुलाम, 7, 2. बदाम 8, 5. चौकट राजा, राणी, 6, 4. किलवर 7, 5, 3 आहेत. एकूण 9 गुण. किलवरची उतारी आली, म्हणजे समोरच्यांनी डावाचं पहिलं पान किलवरचं टाकलं, तर भिडू एक्क्याने हात घेईल खरा, पण पुढे बदामाचा एक्का, चौकटीचा एक्का आणि किलवरचे दोन हात असे चार हात जातीलच. झाले नऊ. चौकटीच्या राजा-राणीचा एक हात कधीतरी होईल, पण त्यासाठी आधी एक्का काढून घ्यावा लागतो, आणि तो निघाला की समोरची जोडी लगेच किलवर वाजवून घेते. भिडू चौकटीच्या दुसऱ्या फेरीपासून तसाही हुकूम मारू शकत होता. म्हणजे तुमचे पाच गुण नको त्या जागी राखण करत बसले.

आता इस्पिक तेच, आणि बाकी बदाम एक्का, 5. चौकट 8, 6, 4, 3. किलवर गुलाम, 5, 3. गुण पुन्हा 9, रंगांची वाटणीही तीच, 4-2-4-3. पण आता भिडू तीन वेळा हुकूम खेळून समोरच्यांचे हुकूम काढतो, बदामाचे एक्का, राजा, राणी वाजवतो, चौथं बदाम तुमच्या शेवटच्या हुकमावर मारतो, किलवरचा एक्का घेतो आणि हातात उरलेले दोन हुकूम आहेतच. 10 हात. समोरचे चारही हुकूम एकाच हातात असले तरच काळजी, एरवी उतारी कशाचीही येवो.

दोन्हीकडे गुण सारखेच, मग फरक कुठे पडला? दोघांच्या पानांच्या जुळणीत. ही जुळणी एकट्याला कधीच दिसत नाही. गुण हे पानांचं वजन आहे, आणि बोलीतली समज म्हणजे ते वजन भिडूच्या शब्दानुसार पुन्हा मोजणं. पहिल्या पानांवर ‘तीन इस्पिक’ म्हणून थांबायचं, दुसऱ्यांवर आनंदाने ‘चार इस्पिक’.

या उदाहरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. 15 गुण असलेल्या भिडूने निर्णय स्वतःकडे ठेवला नाही. त्याने स्वतःबद्दल एकच उपयोगी गोष्ट सांगितली आणि निर्णय 9 गुणवाल्याकडे दिला, कारण आता जास्त माहिती त्याच्याकडे होती. ब्रिजमध्ये याला कप्तानी म्हणतात. ज्याने आपली पानं एका मर्यादेत सांगून टाकली तो कप्तान राहत नाही; कप्तान तो, ज्याला समोरच्याची मर्यादा कळली आहे आणि ज्याची स्वतःची अजून उघड झालेली नाही. अनुभव, वय, चांगली पानं यांचा इथे संबंध नाही. आणि एकाच डावात कप्तानी इकडून तिकडे जाऊ शकते.

पण निर्णय आला तरी तो किती खात्रीवर घ्यायचा? इथे समोर येतं शुद्ध अंकगणित. सांघिक सामन्यात तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात आणि दोन्ही टेबलांच्या गुणांतला फरक ठरलेल्या तक्त्यानुसार ‘इम्प’मध्ये बदलतात. समजा दुसरं टेबल तीन इस्पिकांवर थांबलं आणि तुम्ही चारवर गेलात. तुमची जोडी व्हल्नरेबल असेल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही चढे असतील, तर 10 हात झाल्यावर तुम्हाला 620, त्यांना 170. फरक 450, कमाई 10 इम्प. नऊच झाले तर तुमचे 100 जातात आणि त्यांना 140 मिळतात. फरक 240, तोटा 6 इम्प. दहा कमावण्यासाठी सहा पणाला लावायचे असतील, तर 16 पैकी 6 वेळा, म्हणजे 37.5 टक्के वेळा गेम झाला तरी हिशोब बरोबरीत सुटतो. व्हल्नरेबल नसताना हाच सौदा 6 विरुद्ध 5 असा होतो, आणि उंबरठा 45 टक्क्यांच्या पुढे जातो. तीच पानं, तोच भिडू, तरी एका डावात चढणं बरोबर आणि दुसऱ्यात थांबणं बरोबर.

37.5 टक्के हा आकडा नीट पाहावा. निम्म्याहून जास्त वेळा बुडणारी बोली लावणं योग्य आहे, असं तो सांगतो. कित्येक चांगले खेळाडूसुद्धा हे मनापासून मानत नाहीत, कारण बुडलेला गेम सगळ्यांना दिसतो आणि न बोललेला कुणालाच दिसत नाही.

मग दोघांनीही थोडं जास्तच बोलावं का? इथे जोडीचा खेळ एकट्याच्या खेळाहून वेगळा पडतो. उंबरठा कमी आहे म्हणून एकाने हलक्या पानांवर गेमचं निमंत्रण दिलं आणि त्याच कारणासाठी दुसऱ्याने ते हलक्या पानांवर स्वीकारलं, तर एकाच सवलतीचा फायदा दोनदा घेतला जातो आणि गेम 37 टक्क्यांच्या खूप खाली जातो. ही सूट कुणी घ्यायची हे आधीच ठरलेलं असावं लागतं. असाच आणखी एक मोह ‘एक नो ट्रम्प’नंतर होतो. तुमच्याकडे 8 गुण आहेत, गेमला साधारण 25 लागतात, आणि मन म्हणतं, ‘भिडूकडे 17 असतील की!’ असतीलही, पण 15 गुणांची पानं 4.42 टक्के वेळा येतात, 16 ची 3.31 आणि 17 ची 2.36 टक्के. म्हणजे त्या तीनांत 17 असण्याची शक्यता चारात एकीहूनही कमी, आणि 15 ची जवळजवळ 44 टक्के. भिडू आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला जास्त वेळा असतो.

न बोललेलंही बोलतं. समोरच्याने सुरुवातीला पास म्हटलं याचा अर्थ त्याच्याकडे बोली उघडण्याइतके गुण बहुधा नाहीत, आणि मग न दिसणारा राजा कुणाकडे असेल हे खेळताना त्यावरून ओळखता येतं. पण पास म्हणायला लागलेला वेळही काहीतरी सांगतो, आणि ते ऐकायची परवानगी नाही. भिडूने खूप विचार करून पास म्हटलं, तर त्याच्याकडे पास आणि बोली यांच्या मधली पानं आहेत हे उघड होतं. नियम स्पष्ट आहे: ही माहिती भिडूने वापरायची नाही, आणि दोन वाजवी पर्याय असतील तर त्या विलंबाने सुचवलेला पर्याय निवडायचा नाही. 1975 च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरका पडदा लावला गेला तो याच कारणाने, भिडूचा चेहरा दिसू नये म्हणून. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. नकळत मिळालेली माहिती मनातून पुसता येत नाही, ती असूनही ती नसल्यासारखं ठरवायचं, हे अवघड काम आहे.

यंत्रांची गोष्टही इथेच येते. 2022 मध्ये पॅरिसमध्ये नूक नावाच्या प्रणालीने आठ जगज्जेत्यांना हरवलं. पण त्या सामन्यात बोली नव्हतीच. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे शेवटी ठरणारी बोली, आधीच दिलेलं होतं आणि फक्त पानं खेळायची होती. बोली वगळण्याचं कारण समजण्यासारखं आहे. बोलीचा अर्थ पानांत नसतो, तो दोघांच्या करारात असतो, आणि तो समोरच्या जोडीलाही उघड करून सांगावा लागतो. गुप्त संकेत चालत नाहीत.

करार मोडण्याची किंमत मी मोजली आहे. सात बदामं होती, पानं कमजोर, म्हणून मी समोरच्यांची जागा खाण्यासाठी ‘तीन बदाम’ने सुरुवात केली. ते ‘चार इस्पिक’वर पोचले आणि माझ्या भिडूने डबल केलं, म्हणजे हे बुडणार असं सांगितलं. मी माझी पानं पुन्हा पाहिली, त्यात बचावाला काहीच नव्हतं, आणि मी ‘पाच बदाम’ म्हणालो. दोन हात कमी पडले, 300 गेले. तिच्याकडे इस्पिकचे दोन पक्के हात आणि दोन एक्के होते. ते एका हाताने बुडून आम्हाला 200 मिळायचे. माझी पानं मी ‘तीन बदाम’ म्हणतानाच सांगून टाकली होती, तिला ती माहीत होती, आणि तरी डबल तिने केलं होतं. मी तिच्या निर्णयाच्या वर त्याच पानांचा हवाला देऊन दुसरा निर्णय लादला.

1988 मध्ये बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी दाखवलं, की तोच वैद्यकीय निर्णय, तीच माहिती, पण रुग्ण दगावला असं सांगितलं तर लोक तो निर्णय वाईट ठरवतात आणि बरा झाला म्हटलं तर चांगला. डावानंतरच्या चर्चेत जोड्या मोडतात त्या बहुतेक याच सवयीने.

काही महिन्यांनी अगदी तशीच बोली आली. माझं ‘तीन बदाम’, त्यांचं ‘चार इस्पिक’, तिचं डबल. मी पास म्हटलं. या वेळी पानं त्यांच्या बाजूने पडली, चार इस्पिक झाले आणि 790 गुण गेले. डाव संपल्यावर मी तिची पानं मागून घेतली आणि सगळी बोली मनात पुन्हा लावून पाहिली. तिच्या जागी मीही डबल केलं असतं, तसं मी तिला सांगितलं. तिने 790 लिहिले आणि आम्ही पुढची पानं उचलली.