पोलीस ॲक्शनच्या आधीची दहा वर्षं आणि नंतरचे काही आठवडे

17 सप्टेंबर जवळ आला की पोरं हमखास विचारायलेत, आपल्याकडं मराठवाड्यात दोन-दोन वेळा झेंडा का लावतात. मग कुणीतरी सांगतं की आपण हैदराबाद संस्थानात होतो, तिथला निजाम भारतात यायला ऐकत नव्हता, सरदार पटेलांनी 1948 ला फौज पाठवली, तीच पोलीस ॲक्शन, आणि चार-पाच दिवसांत विषय मिटला. खोटं नाही हे, पण एवढंच सांगितलं की आपली माणसं त्यात कुठंच दिसत नाहीत, म्हणून मी जरा लांबून सुरुवात करतो.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे, त्यात पणजोबांच्या शेताचे कागद, सगळे उर्दूत. वाटणीच्या वेळी ते एका रिटायर्ड गुरुजींकडं नेऊन वाचून घ्यावे लागले, गुरुजींनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले हे बघ तुझ्या पणज्याचं नाव. शेत त्यांचं, नाव त्यांचं आणि ते त्यांना स्वतःलाही वाचता येत नव्हतं. उर्दूचा राग नाही मला, आपल्या रोजच्या बोलण्यात तिचे कितीतरी शब्द आहेत, पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी बोलायचे आणि कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, 1918 ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठ पण उर्दू माध्यमाचं. त्यामुळं आपल्याकडं लढ्याची सुरुवात बंदुकीनं नाही तर शाळेनं झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, अशा ठिकाणी मास्तरकी करणारे व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि सगळ्या हैदराबाद संस्थानाचे पुढारी झाले, ते मूळचे विजापूरकडच्या सिंदगीचे.

आता त्या काळात साधी सभा घ्यायची तरी अवघड होतं. गश्ती निशाण 53 नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा नाही. तरी 1937 ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे संस्थानातल्या मराठी लोकांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन झालं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते, मागण्या अगदी साध्या होत्या, मातृभाषेत शिक्षण द्या, बोलायला मोकळीक द्या, कारभारात लोकांना जागा द्या.

मला विचाराल तर खरं वळण 1948 नाही, 1938 आहे. त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती, निजाम सरकारनं ती जन्मायच्या आधीच बंद केली, मग ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजींसकट तुकड्या-तुकड्यांनी लोक जेलात गेले, आर्य समाजाचा वेगळा सत्याग्रह त्याच सुमारास चालू होता आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागले तसा गांधीजींच्या सल्ल्यानं डिसेंबरात स्टेट काँग्रेसनं आपला थांबवला. पण त्याच दिवसांत होस्टेलमधल्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली होती. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात, हैदराबादला उस्मानियात. बंदी आली, पोरांनी म्हणणं सोडलं नाही, तर सरळ कॉलेजातून काढून टाकलं, शेकडो पोरं. नागपूर विद्यापीठानं त्यांना दारं उघडली म्हणून शिक्षण तरी वाचलं, पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच पोरांतले. अठरा-वीस वर्षांची पोरं, घरची परिस्थिती बेताची, डिग्री हातची जायची पाळी आणि तरी माघार नाही, हे मला आजही भारी वाटतं. त्यातले कितीतरी जण शिकून परत आले आणि पुढच्या दहा वर्षांत गावोगाव काम करणारे तेच होते. एक गाणं बंद करायला गेलं सरकार आणि कार्यकर्त्यांची अख्खी पिढी उभी राहिली.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला 1946 उजाडलं. त्याच वर्षी बिलोलीकडं अर्जापूरजवळ लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरेंचा खून झाला. जून 1947 मध्ये निजाम मीर उस्मान अली खाननं फर्मान काढलं की आम्ही ना भारतात ना पाकिस्तानात. इकडं स्वामीजींनी 7 ऑगस्टला भारतात सामील व्हा म्हणून दिवस पाळायला लावला आणि 15 ऑगस्टला, सगळा देश नाचत होता तेव्हा, त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात निजाम आणि भारत सरकारमध्ये जैसे थे करार झाला, एक वर्षाचा, पण गावाकडं जैसे थे असं काही राहिलंच नाही.

कारण आता रझाकार होते, निजामाच्या बाजूनं लढणारी हत्यारबंद टोळी. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी, लातूरचा वकील. आमची आज्जी हदगावकडची, ती सांगायची की सांजच्याला चूल लवकर विझवायची, धूर दिसू नये म्हणून, आणि लेकरं घेऊन रात्र तुरीच्या रानात काढायची, लेकरू रडलं तर पदर तोंडात द्यायचा. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, तिकडं निजामाचं राज्य नाही, त्यामुळं किती घरं रातोरात नदीपार गेली. सरहद्दीपलीकडं असे कँप लागले होते, उमरखेड, वाशीम, मनमाड, बार्शी, सोलापूर, आणि तिथूनच पोरं परत आत घुसायची आणि करोडगिरीचे नाके जाळायची. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात, सरहद्दीवरून सामान आणलं-नेलं की वसूल व्हायची, म्हणून नाका जळाला की सरकारचा नुसता कागद नाही तर वसुलीच बंद. शिंदीची झाडं तोडली तीही त्याच हिशेबानं, दारूचा महसूल बुडवायला. आणि उमरीची बँक, 30 जानेवारी 1948, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजी गेले त्याच दिवशी ही पोरं निजामाची बँक लुटत होती, वीस लाखांच्या वर रक्कम, आणि ती लढ्याच्या कामी जमा केली. वसमतजवळ वापटीचे बहिर्जी शिंदे लढता लढता गेले, त्यांच्या नावानं वसमतला कॉलेज आहे. आणि एक नाव मी मुद्दाम घेतो, शोएबुल्ला खान, हैदराबादच्या इमरोज या उर्दू पेपरचे संपादक, भारतात सामील व्हा असं लिहायचे, ऑगस्ट 1948 मध्ये रात्री रस्त्यात गाठून त्यांना मारलं आणि लिहिता हात तोडला. हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असं सांगणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

फौज आली 13 सप्टेंबरला, मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली, मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गला, दुसऱ्या बाजूनं औरंगाबाद, जालना. 17 तारखेला निजामानं युद्ध थांबवल्याचं रेडिओवर सांगितलं. पुढं 1950 ला त्यालाच राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा, केलं, 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं आणि आपण मुंबई राज्यात आलो.

पण 17 तारखेनंतरचे काही आठवडे आपण भाषणात सांगत नाही. गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्यावरही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिनं मेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, उस्मानाबाद आणि नांदेड सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते, आणि तो रिपोर्ट कितीतरी दशकं दाबून ठेवलेला होता.

आज्जीच्या बोलण्यात हे दोन काळ वेगळे होते. ‘रझाकारात’ म्हणली की तुरीच्या रानातली रात्र, ‘ॲक्शनमधी’ म्हणली की दुसरं काहीतरी, त्यावर ती फार बोलायची नाही. एकदाच बोलली होती, गल्लीच्या टोकाला शिंप्याचं घर होतं, तिच्या लग्नाची चोळी त्यांनीच शिवली, ते ॲक्शनमधी रिकामं झालं आणि नंतर तिथं कुणी दिवा लावला नाही.