निवास नोंदणी (युरोपीय संघ)

युरोपीय संघातील एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तीन महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर यजमान देश त्याला जी नोंद करायला लावू शकतो ती. मुक्त संचाराबाबतचा २००४ सालचा ३८ क्रमांकाचा निर्देश हा तिचा आधार. पहिले तीन महिने पासपोर्ट किंवा ओळखपत्र पुरते. पुढे नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा स्वतःच्या पैशावर गुजराण, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. शेवटच्या दोघांना आरोग्यविमाही लागतो.

नोंदणीने हक्क मिळत नाही. तो युरोपीय संघाच्या मूळ करारानेच मिळालेला असतो. नोंदणीचा दाखला त्याचा पुरावा तेवढा. रोयर या फ्रेंच नागरिकाच्या बेल्जियममधील प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९७६ मध्येच हे सांगून टाकले. नोंद करायची राहून गेली तर दंड होईल, पण तेवढ्यावरून कोणाला हद्दपार करता येत नाही. अर्थात बँकेच्या खिडकीशी हा युक्तिवाद चालत नाही; तिथे कागदच लागतो.

पद्धती देशागणिक निराळ्या. फ्रान्स अशी नोंद सक्तीची करत नाही. जर्मनीने २०१३ मध्ये वेगळा दाखलाच रद्द केला. मात्र घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, तोही घरमालकाच्या सहीचा कागद जोडून, आणि हे खुद्द जर्मनांनाही चुकत नाही. बेल्जियममध्ये माणूस खरोखर त्या पत्त्यावर राहतो का, हे पाहायला स्थानिक पोलीस घरी येतो.

नागरिकाच्या संघाबाहेरील जोडीदाराला पाच वर्षांचे वेगळे निवासपत्र मिळते. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की कायम निवासाचा हक्क येतो.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येत असल्याने हा विषय गोव्यातील अनेक घरांत ओळखीचा आहे. पोर्तुगालमध्ये ते स्वदेशीच ठरतात, म्हणून हे नियम त्यांना लागू होतात ते इतर सदस्य देशांत. ब्रिटन संघात असेपर्यंत बहुतेकांचा ओढा तिकडे, विशेषतः इंग्लंडमधील स्विंडन शहराकडे होता. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने गणित उलटे केले: तिथे आधीपासून राहणाऱ्यांनाही ३० जून २०२१ पर्यंत नव्या योजनेत अर्ज करावा लागला, आणि वास्तव्याचा हक्क तो मंजूर झाल्यावरच पक्का झाला. वर्षानुवर्षे कसलाही दाखला न काढता राहिलेल्यांना तेव्हा जुन्या पगारपावत्या शोधाव्या लागल्या.