बिशप हिल : सामाईक तिजोरीतून उभं राहिलेलं गाव

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, हेन्री काउंटीत बिशप हिल नावाचं गाव आहे. २०१० च्या जनगणनेत वस्ती अवघी १२८. हे नाव स्वीडनमधल्या बिस्कोप्सकुला या गावाच्या नावाचं सरळ भाषांतर. गावाचा संस्थापक एरिक यान्सन तिथला, जन्म १८०८ चा.

यान्सन शेतकरी. गव्हाचं पीठ विकायला हेल्सिंगलंड भागात जायचा आणि प्रवचनंही करायचा. ‘पीठवाला मसीहा’ हे टोपणनाव त्यातूनच पडलं. खरा श्रद्धावान पापमुक्त असतो आणि त्याला बायबल पुरतं, ही त्याची शिकवण. १८४४ मध्ये त्याच्या अनुयायांनी प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरची पुस्तकंसुद्धा जाळली. ल्यूथरपंथ हाच राजधर्म असलेल्या देशात! शिवाय घरी धर्मसभा भरवायला १७२६ च्या कायद्याने बंदी होतीच. अटका सुरू झाल्या. १८४६ मध्ये यान्सन नॉर्वेमार्गे अमेरिकेला निसटला. मागोमाग हजाराच्या वर माणसं निघाली.

पण बोटीचं भाडं कोण भरणार? ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांनी त्या विकून पैसा एकत्र केला, त्यातून गरिबांची तिकिटं निघाली. मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सामाईक मालमत्तेची गरज आधी पडली, बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागातला आधार सोबतीला होताच.

बिशप हिलमधला पहिला हिवाळा ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या खोपटांत गेला. शंभरेक माणसं दगावली. तरी १८४८ मध्ये चर्च उभं राहिलं: वर प्रार्थनेचं दालन, खाली कुटुंबांच्या खोल्या. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याने आणखी बळी घेतले. १८५० मध्ये जॉन रूट या माणसाने हेन्री काउंटीतल्याच केंब्रिज गावच्या कोर्टात यान्सनला गोळी घातली. रूटची बायको यान्सनची नातलग. तिला वसाहतीबाहेर नेण्यावरून दोघांत वाद होता.

१८५३ पासून कारभार सात विश्वस्तांकडे आला. मुख्य नगदी पीक ब्रूमकॉर्न, म्हणजे झाडू बांधायच्या कामाची ज्वारी. लहानपणी इथे आलेल्या ओलोफ क्रान्स या चित्रकाराने म्हातारपणी काढलेल्या एका चित्रात मक्याची लावणी दिसते: दोरी ताणून धरलेली आणि तिच्यालगत बायकांची लांबच लांब रांग.

विश्वस्तांनी रेल्वेच्या व्यवहारांत पैसा गुंतवला, त्यात १८५७ ची मंदी आली. कर्ज वाढलं, ब्रह्मचर्याच्या सक्तीवरून आधीच धुसफूस होती. १८६० नंतर जमिनींची वाटणी झाली. पुष्कळ जण मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात गेले. कर्ज कोणाच्या माथी, याचे खटले मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहिले.