‘माझ्याबरोबर जागे राहा’: मरणशय्येजवळच्या ख्रिस्ती सोबतीची पार्श्वभूमी

आईच्या शेवटच्या रात्री ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवत मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते. लहानपणापासून पाठ असलेलं. पण त्यातली एक गोष्ट त्या रात्रीच कानाला जाणवली. सुरुवातीला सगळं परमेश्वराबद्दल आहे: तो मला कुरणात बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की ‘तो’चा ‘तू’ होतो: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ ख्रिस्ती माणसं मरणाऱ्याजवळ बसत आली ती या ‘बरोबर’च्या भरवशावर.

खुद्द येशूनेही मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांकडे उपदेश मागितला नव्हता, उपाय मागितला नव्हता. ‘माझ्याबरोबर जागे राहा,’ एवढंच म्हणाला, आणि त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती. तिच्याही हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिल्या मंडळ्यांमध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आहे. 325 सालच्या नायसियाच्या बिशपांच्या परिषदेने मरणाऱ्याला शेवटचं प्रभुभोजन नाकारू नये, असा नियम केला. त्या भोजनाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. मला स्वतःला 416 सालचं एक पत्र फार मोलाचं वाटतं. बिशपने आशीर्वादित केलेलं तेल केवळ धर्मगुरूंनीच नव्हे, तर सर्व ख्रिस्ती जनांनी आपल्या आणि घरच्यांच्या गरजेला वापरावं, असं पोप पहिले इनोसंट त्यात लिहितात. म्हणजे लेकीने आईला तेल लावणं तेव्हा मंडळीला मान्य होतं.

त्याच काळात दुसरा एक प्रश्न होता, जो आजही घरोघर छळतो: विश्वास आहे तर रडायचं कसं? 387 साली ऑस्तिया बंदरात मोनिका वारली तेव्हा तिचा मुलगा ऑगस्टीन, पुढे मोठा बिशप आणि लेखक झालेला, 33 व्या वर्षात होता. मला कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, असं ती सांगून गेली. तिचा श्वास थांबताच नातू हंबरडा फोडून रडला. मोठ्यांनी त्याला गप्प केलं आणि कुणीतरी स्तोत्र म्हणायला घेतलं. ऑगस्टीनने डोळे कोरडे ठेवले, आणि पुढे एकांतात देवासमोर तो आईसाठी मनसोक्त रडला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूही रडला होता. पण विश्वासू माणसाला रडण्याची मोकळीक प्रत्येक पिढीत नव्याने मिळवावी लागते.

मध्ययुगात मठांमध्ये कुणी अखेरच्या घटका मोजू लागला की लाकडी फळी बडवत. हातातलं काम टाकून सगळे बंधू मतांगिकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणत त्याच्याकडे धावत. घरांमध्ये मात्र उलटं घडत गेलं. तेल लावणं हे फक्त धर्मगुरूंचं काम झालं, आणि बाराव्या शतकापर्यंत त्याला ‘शेवटचा अभ्यंग’ हे नाव पडलं. नाव तसं भीतीही तशीच. धर्मगुरू दारात दिसले की आजाऱ्याला कळणार, म्हणून नातेवाईक त्यांना बोलवायला उशीर करू लागले.

1347 नंतरच्या प्लेगमध्ये धर्मगुरूही मोठ्या संख्येने मेले. मरणाच्या तयारीचं शिक्षण साध्या माणसांपर्यंत पोचलं पाहिजे, ही निकड पुढे राहिली. 1415 च्या सुमारास ‘चांगलं मरण कसं यावं’ हे शिकवणारी पुस्तिका निघाली. धर्मगुरू नसले तरी उशाशी बसलेल्या मित्राने काय विचारावं, कोणती प्रार्थना म्हणावी, हे त्यात होतं. बरं होण्याची खोटी आशा दाखवू नये, हेही होतं.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने 1519 मध्ये मरणाच्या तयारीवर लिहिताना मरणाला जन्माची उपमा दिली: बाळ आईच्या अरुंद उदरातून मोठ्या जगात येतं तसं. सम्राटाने त्याला बहिष्कृत ठरवलं होतं, म्हणून 1530 मध्ये वडिलांच्या अखेरच्या आजारपणात त्याला प्रवास धोक्याचा होता. त्याने पत्र धाडलं: ख्रिस्ताजवळ आपण लवकरच पुन्हा भेटू. पुढच्या वर्षी आईलाही असंच पत्र गेलं. दूर अडकलेल्या लेकरांनी ही पत्रं जरूर वाचावीत.

लंडनमध्ये 1948 साली सिसिली सॉन्डर्स या ख्रिस्ती समाजसेविकेची एका मरणासन्न पोलिश ज्यू निर्वासिताशी मैत्री झाली. ‘मी तुमच्या घरातली खिडकी होईन’ म्हणत त्याने 500 पौंड मागे ठेवले. पुढे त्या डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न आजाऱ्यांचं शुश्रूषागृह, उघडलं. वेदनेवर वेळच्या वेळी औषध आणि उशाशी माणूस, दोन्ही तिथे एकत्र आलं. गेथशेमानेतले तेच शब्द त्यांनी आपल्या कामाचा पाया मानले.

कॅथलिक मंडळीने 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ‘शेवटचा’ हा शब्द मागे घेऊन ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं पसंत केलं. 1972 मध्ये नवा विधी आला. तेल लावणं आजही धर्मगुरूंकडेच आहे. पण ‘हे ख्रिस्ती आत्म्या, प्रयाण कर’ ही आठव्या शतकापासून चालत आलेली प्रार्थना धर्मगुरू नसतील तर घरच्यांनीही म्हणावी, असं सांगितलं आहे. हळू आवाजात, मध्ये मध्ये शांत राहून, लागल्यास दोन-तीनदा. समोरून उत्तर येत नसलं तरी.