कॉलेजचा उपग्रह पाठवायचा असेल तर अर्ज इस्रोकडे नाही, इन-स्पेसकडे

पुण्यातल्या कॉलेजांतून अजूनही इस्रोच्या अध्यक्षांच्या नावाने पत्रं जातात. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक किलोचा उपग्रह 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला, तेव्हा ते बरोबरच होतं. भारतीय अंतराळ धोरण २०२३ नंतर नाही. आता इस्रोने नव्या संशोधनाकडे लक्ष द्यायचं, पक्कं झालेलं तंत्रज्ञान उद्योगांच्या हाती सोपवायचं. कंपन्या आणि शिक्षणसंस्थांना परवानगी देणार अहमदाबादचं इन-स्पेस, म्हणजे इस्रोबाहेरच्या अंतराळकामांसाठीचं सरकारी केंद्र. नियमांचं पुस्तक मे २०२४ मध्ये आलंय. अर्जाआधी ते वाचाच.

नोंदणी आणि अर्ज ऑनलाइन आहे, ते सोपं. अडतं ते पुढे.

अर्जदार भारतीय संस्थाच हवी. विद्यार्थ्यांची टीम किंवा क्लब कायद्याने कोणीच नसतो, त्यामुळे अर्ज संस्थेच्या नावाने करा आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आधीच घेऊन ठेवा. एवढ्या एका कागदासाठी मुलांनी महिनोन्‌महिने हेलपाटे घालावेत, हे बघवत नाही.

सगळ्यात जास्त रखडते ती उपग्रहाशी संपर्कासाठीची रेडिओ फ्रिक्वेन्सी. ती इन-स्पेसच्या हातात नाही. ते काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन) शाखेचं, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे भारतातर्फे नोंद जाते तीही तिथूनच. हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सी, वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेशी समन्वय वेगळा करावा लागतो, आणि त्या बँडवर व्यावसायिक काम चालत नाही. उपग्रह जोडून झाल्यावर हे सुरू करू नका. डिझाइन ठरतंय तेव्हाच करा. दोन खात्यांमध्ये अर्जदारानेच धावायचं, ही पद्धत खरं तर सरकारने बदलायला हवी.

७५ ते १२० दिवसांची मुदतही बरेच जण चुकीची वाचतात. ती परिपूर्ण अर्जासाठी आहे. त्रुटी निघाली की तुमचं गणित कोलमडतं, म्हणून प्रक्षेपणाची तारीख त्यावरून पक्की धरू नका.

आयुष्य संपल्यावर उपग्रह कक्षेतून कसा खाली येणार, तेही विचारतात. १९७२ च्या करारानुसार अवकाशातल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर भरपाई देशाला द्यावी लागते, त्यामुळे हा प्रश्न रास्तच आहे.

पहिलाच प्रयत्न असेल तर स्वतंत्र उपग्रहाऐवजी इस्रोच्या 'पोएम' या सोयीचा विचार करा. त्यात तुमचं उपकरण पीएसएलव्ही रॉकेटच्या कक्षेत उरणाऱ्या चौथ्या टप्प्यावरच बसवलेलं राहतं. पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचं उपकरण डिसेंबर २०२४ मध्ये असंच गेलं. त्यासाठीचा अर्जही इन-स्पेसकडेच करायचा.