उबुंटू, मिंट आणि स्नॅपचा वाद

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू ४.१० ही लिनक्सवरची मोफत संगणक प्रणाली आली, तेव्हा ती स्वतःच डेबियन या जुन्या लिनक्स प्रणालीला पर्याय होती. डेबियन भक्कम, पण नवी आवृत्ती कधी येईल याचा नेम नसे. जुलै २००२ च्या 'वूडी'नंतर 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला. उबुंटूने दर सहा महिन्यांचं वेळापत्रक पाळलं आणि सीडी टपालाने फुकट घरपोच पाठवल्या. इंटरनेट महाग आणि संथ असण्याच्या त्या काळात आपल्याकडे त्या सीडींचं मोल फार होतं.

एप्रिल २०११ मध्ये उबुंटूने ११.०४ पासून युनिटी हा नवा डेस्कटॉप लादला. तोवर उबुंटूत असलेल्या ग्नोम डेस्कटॉपची नवी आवृत्ती, ग्नोम ३, त्याच महिन्यात आली. म्हणजे ओळखीचा मेनू आणि खालची पट्टी दोन्हीकडून एकदमच गेली. २००६ पासून उबुंटूच्याच पायावर उभ्या असलेल्या मिंट या लिनक्स प्रणालीने मेट आणि सिनॅमन हे डेस्कटॉप देऊन ती मांडणी जपली. उबुंटूने २०१७ मध्ये युनिटी सोडलं, पण तोवर बरेच जण मिंटवर रुळले होते.

दुसरा वाद डेस्कटॉपच्या दिसण्याचा नव्हता, आणि आमच्या मते तोच जास्त महत्त्वाचा. उबुंटू १९.१० पासून एपीटीने (प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाने) क्रोमियम ब्राउझर मागितला, तरी मिळे स्नॅप, म्हणजे उबुंटूचं वेगळ्या पद्धतीचं पॅकेज. म्हणजे एपीटीचं नेहमीचं डेब पॅकेज नुसतं नावाला. त्यामागून स्नॅप बसवला जाई, तोही उबुंटूमागची कंपनी कॅनॉनिकल एकटी चालवते त्या ऑनलाइन दुकानातून. जून २०२० च्या मिंट २० ने एपीटीच्या प्रेफरन्सेस फोल्डरमध्ये 'नोस्नॅप' फाइल ठेवून ही वाट अडवली. ती फाइल काढली की स्नॅप बसवता येतो, म्हणजे निर्णय वापरणाऱ्याचा राहतो. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्सही स्नॅप झाला. दाबून बांधलेली फाइल उघडून चालवायची असल्याने जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ घेई.

उबुंटूवरून मिंटवर जाताना हमखास फसगत होते ती इथे: स्नॅप फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड होममधल्या (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) लपलेल्या 'मोझिला' फोल्डरमध्ये नसतात, तर 'स्नॅप' फोल्डरमधल्या फायरफॉक्सच्या 'कॉमन' या उपफोल्डरात असतात. डिस्क पुसण्याआधी तो उचलून ठेवा. प्रणालीची प्रत घेणाऱ्या टाइमशिफ्टवर विसंबू नका. ते मूळ सेटिंगमध्ये होमची प्रत घेतच नाही.

उबुंटूचा पाया निसटला तर काय, यासाठी मिंटने थेट डेबियनवर बेतलेली एलएमडीई ही वेगळी आवृत्ती २०१० पासून राखली आहे. तिच्यावर उबुंटूचे पीपीए (बाहेरचे पॅकेज-साठे) जोडू नका. त्यांतली पॅकेजेस उबुंटूच्या लायब्ररींवर (अनेक प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडवर) बांधलेली असतात. आवृत्त्या जुळल्या नाहीत की एपीटी अर्ध्यात अडकतं.