‘किसान सन्मान’चा हप्ता सातबाऱ्यावर का अडतो

शेतकऱ्याच्या खात्यात थेट रोकड टाकण्याची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडची. आधी सरकारी मदत म्हणजे खताच्या गोणीतली सवलत, नाहीतर कर्जमाफी. २००८च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले, त्यावरच्यांना २५ टक्के सूट, तीही बाकीचे भरल्यावर. विदर्भातले सात-आठ एकर कोरडवाहूचे घर त्यामुळे कागदावर मोठे शेतकरी ठरले. सावकाराकडून उचल घेतलेल्याच्या वाट्याला तर काहीच आले नाही.

मे २०१८मध्ये तेलंगणाने हंगामाला एकरी ४,००० रुपयांचे चेक वाटले. पुढे १ फेब्रुवारी २०१९च्या केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात ‘पीएम-किसान’, म्हणजे ही किसान सन्मान योजना, जाहीर झाली: वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. पहिला हप्ता २४ फेब्रुवारीलाच सुटला. म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांनी गावोगावच्या याद्या उभ्या केल्या त्या अवघ्या तीन आठवड्यांत. सातबाऱ्यावर ‘पांडुरंग’, आधारवर ‘पांडू’, खाते क्रमांकात एक आकडा इकडेतिकडे. आजच्या अनेक तक्रारींचे मूळ त्या घाईत आहे.

सुरुवातीला या योजनेलाही दोन हेक्टरपर्यंतची अट होती, ती त्याच वर्षी जूनमध्ये गेली. जमीनधारणेची तारीख मात्र राहिली, १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर खरेदीने जमीन घेतली तर ती धरत नाहीत, वारसाने आली तरच धरतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुले. सामाईक सातबाऱ्यावरचे दोन विवाहित भाऊ त्यामुळे वेगवेगळे पात्र, पण नवरा-बायकोला मिळून एकच लाभ. आणि बटाईने कसणारा, ज्याच्या अंगावर खरी जोखीम, तो यादीतच नाही. हा या योजनेचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

पुढे पैसे खाते क्रमांकावर न सोडता आधारवर सोडायला सुरुवात झाली. इथे फार लोक चकतात. आधार शेवटी ज्या बँकेला जोडले, रक्कम तिथेच उतरते. सोसायटीच्या कर्जासाठीचे जिल्हा बँकेचे पासबुक माणूस भरून आणतो, हप्ता दिसत नाही. तो पोस्टाच्या खात्यात पडून असतो.

योजनेच्या पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडली की तीन गोष्टी पाहाव्यात: ई-केवायसी (ओळखीची पडताळणी), आधार-बँक जोडणी आणि जमिनीची नोंद. पहिली मोबाइलच्या ओटीपीवर किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून होते, दुसरी बँकेत. तिसरीपुढे ‘नाही’ असेल तर सातबारा, आठ-अ (आपल्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) घेऊन तालुका कृषी कार्यालय गाठावे लागते. आठ-अ गावनिहाय निघतो, दोन गावांत जमीन असेल तर दोन्ही उतारे न्यावेत.

२०२३च्या राज्य अर्थसंकल्पात ‘नमो शेतकरी’चे आणखी ६,००० जाहीर झाले, यादी तीच. म्हणून एक नोंद चुकली की चार महिन्यांचे दोनऐवजी चार हजार अडतात. १५ एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला, आणि तोही सातबाऱ्यावरूनच बनतो.

सातबाऱ्यावरचा खातेदार वारला असेल तर आधी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. नोटिशीची मुदत १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तो उतारा जोडून वारसाच्या नावाने नवी नोंदणी करायची. तोवर मयताच्या खात्यात हप्ता आला तरी उचलू नये, त्याची वसुली निघते.